मापून दिलेली भाकर : बायबलमधील संदेष्ट्यांच्या वाणीत अन्न काय सांगते

अमेरिकेतील दुकानांत मोड आलेल्या सहा प्रकारच्या धान्य-कडधान्यांचा एक पाव आरोग्यदायी म्हणून विकला जातो आणि त्याच्या वेष्टनावर बायबलमधील यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकातील चौथ्या अध्यायाच्या नवव्या वचनाचा दाखला दिलेला असतो. त्या वचनात गहू, जव, शेंगांचे दाणे, मसूर, भरड धान्य आणि खपली गहू एकाच भांड्यात घालून भाकर करण्याची आज्ञा आहे, हे खरेच. परंतु त्याच अध्यायात आणखी थोडे पुढे वाचले की ही पाककृती पौष्टिक आहाराची नसून वेढा पडलेल्या शहरातील उपासमारीची आहे, हे ध्यानात येते. घरात कोणतेही एक धान्य पुरेसे उरलेले नाही, म्हणून कणग्यांचे तळ झाडून जे हाती लागेल ते एकत्र करायचे, असा तिचा अर्थ आहे. ही भाकर संदेष्ट्याने दिवसाला वीस शेकेल, म्हणजे सुमारे सव्वादोनशे ग्रॅम, एवढीच खायची. पाणी हिन नावाच्या मापाच्या सहाव्या हिश्शाएवढे, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक, तेही ठरल्या वेळी प्यायचे. आणि हे सारे ३९० दिवस एका कुशीवर पडून लोकांच्या डोळ्यांदेखत करायचे. यहेज्केल तेव्हा बाबेलमध्ये होता. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्रेस्सर राजाने यरुशलेमहून जे लोक पाडाव करून नेले, त्यांच्यात हा याजक घराण्यातील पुरुष होता आणि यरुशलेमचा शेवटचा वेढा अजून पडायचा होता.

त्या भाकरीचा दुसरा अर्थ तिच्या जळणात आहे. ती मानवी विष्ठेवर भाजावी, असे त्याला प्रथम सांगण्यात आले. आपण लहानपणापासून कधीही अशुद्ध पदार्थ तोंडात घातला नाही, अशी त्याने विनवणी केली, तेव्हा त्याऐवजी गोवऱ्या वापरण्याची मुभा मिळाली. चुलीत गोवऱ्या घालण्यात आपल्याकडच्या वाचकाला काही वावगे वाटणार नाही, परंतु येथे ती दिलेली सवलत आहे आणि मूळ आज्ञेचा हेतू किळस आणणे हाच होता. परक्या राष्ट्रांत पांगलेले इस्राएली लोक अशीच अशुद्ध भाकर खातील, असा खुलासा त्या अध्यायातच दिलेला आहे. म्हणजे एकाच भाकरीत दोन गोष्टी दाखवल्या आहेत : तिच्या वजनातून वेढ्यातील टंचाई आणि तिच्या जळणातून परदेशातील विटाळ.

अशा प्रसंगांचा अर्थ लावताना पुष्कळ वाचक एक शब्दकोश तयार करू पाहतात : भाकर म्हणजे वचन, तेल म्हणजे आत्मा, द्राक्षारस म्हणजे रक्त, मध म्हणजे सुख. ही रीत सोपी आहे. मात्र ती फार लवकर अडखळते, कारण संदेष्ट्यांच्या तोंडी तोच पदार्थ एकदा आशीर्वाद होतो आणि एकदा शाप. माझ्या मते त्याऐवजी दोन साधे प्रश्न विचारावेत. हा पदार्थ त्या काळच्या शेतकऱ्याच्या घरात कोणते काम करीत होता? आणि या प्रसंगात तो कोण देतो, कोण खातो आणि कोण उपाशी राहतो? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक ठिकाणी निराळ्या गूढार्थाची गरज उरत नाही. येथे हेही सांगायला हवे की बायबलमधील संदेष्टा हा ज्योतिषी नव्हे. पुढे घडणाऱ्या गोष्टी तो सांगतो, परंतु त्याचे मुख्य काम लोकांना त्यांनी देवाशी केलेल्या कराराची आठवण देणे हे आहे, आणि त्या कराराच्या अटी पहिल्यापासून अन्नाच्या भाषेत लिहिलेल्या आहेत.

बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात मिसर (इजिप्त) देश आणि इस्राएली लोक जेथे वसले तो कनान देश यांची तुलना येते. मिसरात बी पेरून पाणी स्वतः द्यावे लागे. कनान मात्र डोंगर-दऱ्यांचा, आकाशातील पावसावर जगणारा देश होता. तेथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील आगोटीचा पाऊस आला तर पेरणी होई आणि मार्च-एप्रिलमधील शेवटचा पाऊस आला तर दाणे भरत. दोन्हींपैकी एक चुकला तरी वर्ष बुडे. म्हणून धान्य, द्राक्षारस आणि तेल हे त्रिकूट बायबलमध्ये वारंवार एकत्र येते. कराराचे पालन झाले तर ही तिन्ही भरपूर मिळतील, आणि मोडला तर, लेवीय पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायाच्या शब्दांत सांगायचे तर, दहा बायका एकाच भट्टीत भाकरी भाजतील, त्या तोलून देतील आणि लोक खातील पण तृप्त होणार नाहीत. यहेज्केलने अंगणात काटा धरला, तेव्हा त्याच्या श्रोत्यांना हे वाक्य आठवले असणार. संदेष्टा होशेयाची तक्रारही याच हिशेबातली आहे. धान्य, द्राक्षारस आणि तेल आपल्याला कोणी दिले हे इस्राएलला कळले नाही आणि त्याचे श्रेय पाऊस पाडणारा मानल्या गेलेल्या बआल या कनानी देवाला दिले गेले, असे तो म्हणतो.

हाच वाद एलीया या संदेष्ट्याच्या कथेत घडताना दिसतो. तो अवर्षण जाहीर करतो. स्वतः आधी कावळ्यांनी आणलेल्या अन्नावर आणि मग सारफथ येथील एका गरीब विधवेच्या मूठभर पिठावर व थोड्याशा तेलावर जगतो. आणि पाऊस पडेपर्यंत तिच्या मडक्यातील पीठ सरत नाही, कुपीतील तेल आटत नाही. सारफथ हे गाव सीदोनच्या हद्दीत, म्हणजे बआलाच्या स्वतःच्या मुलुखात होते, ही या कथेतील खरी खोच आहे. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल हे यहुदी याच एलीयाला एलियाहू हनाबी म्हणून स्मरतात, अलिबागजवळच्या खंडाळे गावी तो प्रकट झाला होता असे मानतात, आणि त्याच्या नावाने भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गोड आणि फळे यांचा मलिदा करतात. हा समाज रायगडच्या गावांत विश्रामदिन म्हणून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारा, म्हणून शनिवार तेली या नावाने ओळखला जाई. ज्या संदेष्ट्याच्या कथेत तेलाची कुपी आटत नाही, त्याचे स्मरण तेल्यांच्या समाजाने जपावे, हा योगायोग मला फार गोड वाटतो.

आमोस हा संदेष्टा खुद्द अन्न पिकवणारा होता. यहूदा या दक्षिणेकडील राज्यातील तकोवा गावचा हा मेंढपाळ उंबरासारख्या रानअंजिरांची निगा राखत असे. ती फळे पिकावीत म्हणून त्यांना हाताने चिरा द्याव्या लागत. इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याला, दुसऱ्या यराबाम राजाच्या भरभराटीच्या कारकिर्दीत, तो उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात जाऊन बोलला. त्याच्या आठव्या अध्यायात देव त्याला पिकलेल्या फळांची टोपली दाखवतो आणि म्हणतो, ‘माझ्या लोकांचा शेवट आला आहे.’ वरवर पाहता टोपलीभर फळे हे सुबत्तेचे चित्र आहे. त्यात शेवट कसा, हे कळण्यासाठी १९०८ मध्ये आजच्या इस्राएलमधील गेझेर येथे सापडलेली चुनखडीची एक लहानशी पाटी उपयोगी पडते. ती इ.स.पू. दहाव्या शतकातील असून आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर वर्षातील शेतीची कामे महिन्यांच्या क्रमाने कोरलेली आहेत : गोळा करणे, पेरणे, उशिराची पेरणी, जवस काढणे, जवाची कापणी, गव्हाची कापणी, द्राक्षवेलींची छाटणी आणि अगदी शेवटी उन्हाळी फळांचा महिना. ती फळे टोपलीत आली म्हणजे शेतकऱ्याचे वर्ष संपले. हिब्रू भाषेत फळ आणि शेवट हे दोन्ही शब्द जवळजवळ सारखे ऐकू येतात, ही त्यात पडलेली भर आहे.

या टोपलीच्या लगेच पुढे आमोस बाजारात शिरतो. अमावास्येचा सण केव्हा संपेल आणि आम्ही धान्य केव्हा विकू, अशी घाई करणारे, माप लहान आणि वजन मोठे ठेवणारे, गव्हाचा चाळही गरिबाच्या गळ्यात मारणारे व्यापारी त्याने उभे केले आहेत. हे लक्षात घेतले नाही तर अध्यायाच्या अखेरीस येणारे प्रसिद्ध वचन अधांतरी लोंबकळते. देव देशावर दुष्काळ पाठवील, तो भाकरीचा किंवा पाण्याचा नव्हे, तर परमेश्वराची वचने ऐकण्याचा. लोक या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत भटकतील आणि ती वचने त्यांना मिळणार नाहीत. हा रूपकात्मक दुष्काळ पुष्कळदा स्वतंत्रपणे, भक्तिपर सुविचारासारखा उद्धृत केला जातो. आमोसाच्या क्रमात मात्र तो धान्यबाजारातील लबाडीनंतर येतो. ज्यांनी गरिबाचे अन्न मापात मारले, त्यांच्याकडून जे अन्न भाकरीने भरून काढता येत नाही ते, म्हणजे देवाचे वचन, काढून घेतले जाते, असा तो चोख हिशेब आहे.

संदेष्टा यिर्मयाच्या चोविसाव्या अध्यायातील अंजिरांच्या दोन टोपल्या या साऱ्या परंपरेतील सर्वांत धाडसी चित्र आहे असे मला वाटते. काळ इ.स.पू. ५९७ नंतरचा. यहोयाखीन राजा, सरदार आणि कारागीर बाबेलला नेले गेले होते आणि यरुशलेमात सिद्कीया गादीवर होता. मंदिरासमोर दोन टोपल्या ठेवलेल्या दिसतात. एकीत हंगामातील पहिल्या बहराची, अतिशय उत्तम अंजिरे आहेत, आणि दुसरीत इतकी नासकी की खाववत नाहीत. अंजीर झाडावर जितके गोड, तितकेच तोडल्यावर नाजूक असते, हे पुरंदरच्या बागाईतदाराला सांगावे लागणार नाही. तेव्हा जी अंजिरे घरी राहिली ती ताजी आणि जी लांब नेली ती खराब, असा अर्थ कोणीही केला असता, आणि मागे राहिलेले यरुशलेमकर तो करीतही होते : ते गेले, भूमी आम्हांला मिळाली. यिर्मया तो उलटा फिरवतो. उत्तम अंजिरे म्हणजे पाडाव होऊन गेलेले लोक आणि नासकी म्हणजे सिद्कीया व त्याच्याभोवतीचे लोक. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या इष्टिकालेखांत यहोयाखीन व त्याच्या पाच मुलांना राजवाड्यातून मोजून दिल्या जाणाऱ्या तेलाची नोंद आहे. मापून दिलेल्या तेलावर जगणारा हा बंदिवान राजा चांगल्या टोपलीत आणि गादीवरचा राजा वाईट टोपलीत, हे त्या काळी ऐकणाऱ्याला पटणे सोपे नव्हते.

अंजिराचा विषय निघालाच आहे तर एका प्रचलित अर्थाबद्दल बोलायला हवे. अंजिराच्या झाडाला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला असे समजा, या येशूच्या दृष्टान्तातील झाड म्हणजे इस्राएल राष्ट्र आणि पालवी म्हणजे १९४८ मधील त्याची स्थापना, असे मानून त्यावरून जगाच्या अंताची वर्षे मोजणारे प्रचारक गेल्या काही दशकांत पुष्कळ झाले आणि त्यांनी दिलेली वर्षे सरूनही गेली. होशेयाने इस्राएलच्या पूर्वजांना अंजिराच्या पहिल्या फळाची उपमा दिली आहे, हे खरे. पण हाच दृष्टान्त लूकच्या शुभवर्तमानात ‘अंजिराचे झाड व इतर सर्व झाडे पाहा’ असा येतो, आणि मग ‘इतर सर्व झाडे’ म्हणजे कोणती राष्ट्रे, या प्रश्नाला त्या गणितात जागा नाही. शब्दकोशी पद्धत कोठे घेऊन जाते, याचा हा चांगला नमुना आहे.

द्राक्षारसाच्या बाबतीत तर दोन्ही टोके एकाच पदार्थात आहेत. स्तोत्रकर्त्याला तो मनुष्याचे अंतःकरण आनंदित करणारा वाटतो; आमोस आणि योएल यांना येणाऱ्या सुखाचे वर्णन करायचे असते तेव्हा त्यांच्या डोंगरांवरून गोड द्राक्षारस ठिबकतो. संदेष्टा यशयाच्या पाचव्या अध्यायात देव स्वतःच मळेवाला होतो. टेकडीवरचे दगड वेचणे, उत्तम वेल लावणे, बुरूज बांधणे, द्राक्षकुंड खोदणे ही सारी मेहनत करूनही मळ्याला रानद्राक्षे येतात. पण यिर्मयाच्या पंचविसाव्या अध्यायात तोच द्राक्षारस क्रोधाच्या प्याल्यात भरलेला आहे, आणि संदेष्ट्याने तो प्रथम यरुशलेमला, मग मिसर व इतर राष्ट्रांना आणि सर्वांत शेवटी बाबेलच्या राजाला पाजायचा आहे. या प्रतिमेमागे मेजवानीची रीत आहे. प्याला यजमान भरतो व पाहुण्याकडे पाठवतो आणि तो नाकारता येत नाही. प्यायल्यावर बलवान मनुष्यही झोकांड्या खातो, त्याचा स्वतःवर ताबा राहत नाही. सत्ताधाऱ्याच्या पतनाला याहून नेमके चित्र सापडणे कठीण. मार्कच्या चौदाव्या अध्यायात येशू भोजनाच्या वेळी प्याला देऊन म्हणतो की देवाच्या राज्यात नवा पिईपर्यंत मी द्राक्षवेलीचा उपज पिणार नाही, आणि त्याच रात्री गेथशेमाने बागेत ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी प्रार्थना करतो. यिर्मयाचा प्याला ठाऊक असलेल्यांना दुसरे वाक्य कशाबद्दल आहे, हे सांगावे लागले नसणार.

यशयाच्या सातव्या अध्यायातील दही आणि मध हे उदाहरण लहान असले तरी शिकवणारे आहे. दूध-मध म्हटले की आपल्याला वचनदत्त देशाची समृद्धी आठवते. येथे मात्र देशात उरलेला प्रत्येक जण दही आणि मध खाईल, कारण हजार रुप्यांच्या हजार वेली जेथे होत्या तेथे काटेकुटे माजले आहेत, नांगर चालत नाही, आणि एक कालवड व दोन मेंढ्या पाळणाऱ्यापाशी दूध व रानातला मध यांखेरीज काही नाही. जे वाचले त्यांची पोटे भरली, पण शेती गेली. तो आशीर्वाद की आपत्ती, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत, आणि माझ्या मते यशयाने ते दोन्ही एकत्र ठेवले आहेत.

काही वेळा संदेष्ट्याला स्वतःलाच खावे लागते. यहेज्केलला दोन्ही बाजूंनी विलाप, शोक आणि आकांत लिहिलेली गुंडाळी खायला दिली जाते आणि ती त्याला मधासारखी गोड लागते. जवळजवळ सात शतकांनंतर, प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, योहान तशीच लहान पुस्तिका खातो. ती तोंडात गोड आणि पोटात कडू होते. संदेश बाहेरून ऐकून पुढे पोचवता येत नाही, तो आधी पचवावा लागतो, इतका अर्थ उघडच आहे.

प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात मोहरबंद गुंडाळीवरचा तिसरा शिक्का फुटतो तेव्हा काळ्या घोड्यावरच्या स्वाराच्या हातात पुन्हा तराजू दिसतो. एक दिनार घ्या आणि एक खोयनिक्स गहू द्या, किंवा तीन खोयनिक्स जव. पण तेल आणि द्राक्षारस यांना इजा करू नका, अशी वाणी ऐकू येते. दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी होती, आणि खोयनिक्स, म्हणजे साधारण लिटरभर धान्य, हा एका माणसाचा दिवसाचा शिधा. गव्हाचा हा भाव त्या काळच्या नेहमीच्या भावाच्या आठपट किंवा त्याहूनही अधिक असावा, असा अंदाज अभ्यासक करतात. म्हणजे मजुराने दिवसभर राबून एकट्याचे पोट भरावे, किंवा जनावरांचे समजले जाणारे जव घेऊन कुटुंब कसेबसे जगवावे. आणि श्रीमंतांच्या ताटातील तेल-द्राक्षारसाला मात्र धक्का लागत नाही. रोमी साम्राज्याच्या आशिया प्रांतातील (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील) मोठ्या जमिनींवर निर्यातीसाठी द्राक्षे आणि जैतून लावली जात आणि धान्य बाहेरून आणावे लागे. इ.स. ९२ च्या सुमारास सम्राट डोमिशियनने प्रांतांतील निम्म्या द्राक्षबागा तोडण्याचा हुकूम काढला होता आणि तो अमलात आला नाही. योहानाचे शब्द त्याच हुकुमाला उद्देशून आहेत की नाहीत हा वादाचा विषय असला, तरी अन्नटंचाई सर्वांना सारखी भोवत नाही, ही त्याची नोंद अगदी स्वच्छ आहे. हे वचन मराठीत आणणाऱ्यांपैकी पंडिता रमाबाईंना अशी टंचाई पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत उपासमारीतून सोडवलेल्या मुली त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनात सांभाळल्या, आणि त्यांचे मराठी बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

शेवटच्या काळाची वर्णनेही मेजवानीचीच आहेत, मात्र ती एकाच प्रकारची नाहीत. प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लग्नाच्या भोजनाचे आमंत्रण आहे आणि काही वचनांनंतर, यहेज्केलच्या एकोणचाळिसाव्या अध्यायाला अनुसरून, एक देवदूत आकाशातील पाखरांना राजे, सरदार आणि घोडेस्वार यांचे मांस खायला बोलावतो. यशयाच्या पंचविसाव्या अध्यायातील मेजवानीला, म्हणजे सर्व राष्ट्रांसाठी एकाच डोंगरावर वाढलेल्या चरबीदार पदार्थांना आणि मुरलेल्या द्राक्षारसाला, आणखी एक निराळी कलाटणी आहे. तेथे पाहुणे जेवतात आणि यजमान मृत्यूला गिळून टाकतो. कनानी लोकांच्या कथांत मृत्यू हा देव होता आणि त्याचा जबडा धरतीपासून आकाशापर्यंत पसरलेला असे. १९२८ नंतर सीरियातील उगारीत येथे सापडलेल्या इष्टिकांवर तो बआलालाही गिळताना दिसतो. सर्वांना खाणारा शेवटी स्वतः खाल्ला जातो, हे यशयाचे विधान त्या पार्श्वभूमीवर वाचावे.

आणि तरीही याच पुस्तकाच्या पासष्टाव्या अध्यायातील नव्या पृथ्वीच्या वर्णनात मेजवानी नाही. लोक द्राक्षमळे लावतील आणि त्यांचे फळ खातील. त्यांनी लावावे आणि दुसऱ्याने खावे असे होणार नाही, एवढेच तेथे म्हटले आहे. अनुवादाच्या शापांत आणि आमोसाच्या पाचव्या अध्यायात हेच उलट शब्दांत आले होते : मळे लावाल, पण त्यांचा द्राक्षारस पिणार नाही. संदेष्टा मीखा प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलीखाली व अंजिराखाली निर्भयपणे बसेल असे म्हणतो, तेव्हा त्याचाही रोख तोच आहे. लेवीय पुस्तकाच्या नियमाप्रमाणे नव्या फळझाडाची फळे पहिली तीन वर्षे वर्ज्य, चौथ्या वर्षाची परमेश्वराला अर्पण आणि पाचव्या वर्षापासून मालकाने खायची. तेव्हा स्वतः लावलेल्या वेलीचे फळ स्वतः खायला मिळणे, म्हणजे निदान पाच वर्षे त्या खोऱ्यातून कोणाचे सैन्य न जाणे, सावकाराने शेत न बळकावणे आणि दोन्ही पाऊस वेळेवर येणे.